सायकोपॅथी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकोपॅथी म्हणजे नेमकं काय?

काही स्वभावलक्षणं एकाच माणसात एकत्र, तीव्रपणे आणि वर्षानुवर्षं आढळली की संशोधक त्या गुच्छाला सायकोपॅथी म्हणतात. वरवरचा मोहकपणा, स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, सराईत खोटेपणा, माणसांना वापरून घेणं, पश्चात्ताप नसणं, भावना उथळ असणं ही त्यातली एक बाजू. दुसरी बाजू वागण्याची: उतावीळपणा, बेजबाबदारपणा, सतत काहीतरी थरारक हवं असणं, नियम धाब्यावर बसवणं.

यातलं एखादं लक्षण कुणाच्याही ओळखीत सापडेल, आणि त्यावरून काहीच ठरत नाही. लक्षणं एकत्र आहेत का, लहान वयापासून आहेत का, घर, नोकरी, मैत्री अशा सगळ्या ठिकाणी दिसतात का, हे बघावं लागतं.

आजच्या संकल्पनेचा पाया अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथले मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी घातला. १९४१ साली त्यांनी आपल्या रुग्णांची वर्णनं पुस्तकरूपाने मांडली आणि पुढे १६ निकषांची यादी दिली. त्या यादीत हिंसाचार मध्यवर्ती नाही. भ्रम नसणं आणि अस्वस्थता नसणं मात्र आहे. त्यांच्या वर्णनातली बरीच माणसं कुणाचा खून करणारी नव्हती. त्यांनी स्वतःचं आणि घरच्यांचं आयुष्य पुन्हापुन्हा मातीत घातलं होतं. सिनेमातला खुनी डोळ्यांसमोर ठेवून हा विषय वाचायला घेतला की पहिली फसगत होते ती इथेच.

‘सायको’ म्हणतात तो हाच का?

नाही. वास्तवाशी संबंध सुटणं, कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय असं ठाम वाटणं ही सायकोसिसची लक्षणं आहेत. स्किझोफ्रेनियात ती दिसतात. सायकोपॅथिक लक्षणं असलेल्या माणसाला आपण काय करतोय आणि त्याचे परिणाम काय, हे कळत असतं.

मुंबईतलं रामन राघवचं प्रकरण या गल्लतीचं ठळक उदाहरण आहे. साठच्या दशकात उपनगरांतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे खून त्याने केले. लोकांच्या बोलण्यात तो आजही ‘सायकोपॅथ’ असतो. प्रत्यक्षात डॉक्टरांच्या मंडळाला त्याच्यात जुनाट स्किझोफ्रेनिया आढळला आणि त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ साली त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दोन्हींचे उपचार वेगळे आणि कायद्याच्या नजरेतलं स्थानही वेगळं. गल्लतीचा फटका बसतो तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना. त्यातले बहुसंख्य कुणालाही इजा करत नाहीत, तरी त्यांच्याकडे लोक भीतीनेच बघतात.

डॉक्टर ‘सायकोपॅथी’ असं निदान लिहितात का?

स्वतंत्र निदान म्हणून नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात (२०१३) समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार आहे. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि १५ व्या वर्षाआधी वर्तनविकाराची चिन्हं दिसलेली हवीत. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागातल्या पर्यायी पद्धतीत ‘सायकोपॅथिक वैशिष्ट्यांसह’ अशी जोड देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता ठरवतात आणि मग ‘समाजविघातकता’, ‘अनियंत्रितपणा’ अशी वैशिष्ट्यं नोंदवतात.

समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार आणि सायकोपॅथी एकच समजू नका. पहिल्याचं निदान बहुतांशी वागणुकीवर होतं, त्यामुळे तुरुंगात ते फार मोठ्या प्रमाणावर सापडतं. सीना फाझेल आणि जॉन डॅनेश यांनी १२ देशांतली ६२ सर्वेक्षणं २००२ साली एकत्र तपासली तेव्हा पुरुष कैद्यांत हे प्रमाण ४७ टक्के निघालं. सायकोपॅथीचा उंबरठा ओलांडणारे कैदी त्याच्या काही हिश्श्याएवढेच असतात.

मग ती मोजतात कशी?

सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे पीसीएल-आर (सायकोपॅथी चेकलिस्ट-रिव्हाइज्ड). कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले रॉबर्ट हेअर यांनी त्याचा पहिला आराखडा १९८० साली केला, सुधारित रूप १९९१ ला आणि त्याची दुसरी आवृत्ती २००३ ला आली.

ही कैद्याने भरायची प्रश्नावली नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ आधी कागदपत्रं वाचतो: पोलीस आणि न्यायालयाच्या नोंदी, तुरुंगातली वर्तणूक, शाळेचे शेरे, रुग्णालयाची टिपणं, नातेवाइकांचे जबाब. मग मुलाखत, साधारण दीड ते दोन तास. शिक्षण, नोकऱ्या, पैसा, नाती, व्यसनं, गुन्हे असं आयुष्य क्रमाने विचारलं जातं आणि प्रत्येक उत्तर कागदाशी ताडून पाहिलं जातं. कागदपत्रं आधी वाचायची ती यासाठीच. ‘तीन वर्षं एकाच ठिकाणी नोकरी केली’ असं कैदी डोळ्याला डोळा देऊन सांगतो आणि फाइलीत त्याच काळात दोन अटका असतात. ती विसंगती समोर ठेवल्यावर तो गडबडतो, चिडतो, की क्षणात नवी गोष्ट रचून हसत पुढे जातो, यातून गुण द्यायला खरी सामग्री मिळते.

बाबी २० आहेत. लक्षण लागू नसेल तर ०, काही अंशी असेल तर १, स्पष्ट असेल तर २. एकूण जास्तीत जास्त ४०. गुण संपूर्ण आयुष्य बघून द्यायचे, सध्याच्या मनःस्थितीवर किंवा एका घटनेवरून नाही. २० पैकी १८ बाबी चार पैलूंत विभागल्या जातात: माणसांशी व्यवहार (४), भावना (४), जीवनशैली (५) आणि समाजविरोधी वर्तन (५). अनेक अल्पकाळ टिकलेले संसार आणि बेछूट लैंगिक संबंध या दोन बाबी कुठल्याच पैलूत बसत नाहीत, फक्त एकूण बेरजेत धरतात.

काही बाबींना काटेकोर नियम आहेत. ‘गुन्ह्यांतलं वैविध्य’ या बाबीत गुन्ह्यांची संख्या बघत नाहीत, प्रकार मोजतात: सहा किंवा जास्त प्रकार असतील तर २ गुण, चार-पाच असतील तर १, तीनपर्यंत ०. म्हणजे पन्नास घरफोड्या करणाऱ्याला इथे शून्य मिळू शकतो. ‘उथळ भावना’ला असा हिशेब लावता येत नाही. तिथे तज्ज्ञाची पारख लागते आणि मतभेदही तिथेच जास्त होतात.

याची छोटी आवृत्ती १२ बाबींची, २४ गुणांची आहे आणि ती तुरुंगाबाहेरच्या लोकांसाठीही वापरतात. १२ ते १८ वयासाठी वेगळी आवृत्ती आहे.

३० गुण म्हणजे सायकोपॅथ आणि २९ म्हणजे नाही?

उत्तर अमेरिकेतल्या संशोधनात ३० हा उंबरठा धरतात. युरोपातल्या काही अभ्यासांत २५ किंवा २६. उंबरठा देशागणिक बदलतो, यावरूनच लक्षात घ्यावं की ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. गुणांच्या वितरणात ३० पाशी कुठलीही फट नाही. उत्तर अमेरिकेत पुरुष कैद्यांची सरासरीच २२ च्या आसपास येते. शिवाय मोजणीतली चूक अंदाजे ३ गुणांची असते, म्हणून ‘३१’ हा आकडा प्रत्यक्षात ‘बहुधा २८ ते ३४ च्या दरम्यान’ असा वाचायला हवा.

लक्षणं कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतात आणि काही थोड्यांत अतिशय तीव्र असतात, हेच आजवरच्या बहुतेक संशोधनाशी जुळतं. आमचं ठाम मत आहे की ‘तो सायकोपॅथ आहे’ या वाक्यापेक्षा ‘भावनिक पैलूत ८ पैकी ७, वर्तनाच्या पैलूत १० पैकी ३’ हे वाक्य कितीतरी जास्त उपयोगी आणि कितीतरी कमी घातक आहे.

या मोजणीत काय काय चुकतं?

सगळ्यांत आधी फाइल. नोंदी तुटपुंज्या असतील तर तज्ज्ञ मुलाखतीतल्या छापेवर जातो, आणि मोहक बोलणं हे तर लक्षणांपैकीच एक आहे. पाचपर्यंत बाबी माहितीअभावी सोडून बेरीज प्रमाणात वाढवायची मुभा नियमांत आहे. त्याहून जास्त सुटल्या तर गुण देऊच नयेत.

दुसरी चूक जास्त अस्वस्थ करणारी आहे. डॅनियल मरी आणि मार्कस बोकाचिनी यांच्या गटाने २०१३ साली शंभराहून जास्त तज्ज्ञांना प्रशिक्षण दिलं, मानधन दिलं आणि सगळ्यांना त्याच चार फाइली वाचायला दिल्या. निम्म्यांना वाटत होतं की आपल्याला सरकारी पक्षाने नेमलंय, निम्म्यांना वाटत होतं बचाव पक्षाने. सरकारी पक्षाचे म्हणवणाऱ्यांनी त्याच माणसांना जास्त गुण दिले, बचाव पक्षाच्यांनी कमी. ही माणसं अप्रामाणिक नव्हती. आपण कुणाच्या बाजूने बसलोय याचं ओझं पारखीवर पडतं, आणि ते ज्याचं त्याला जाणवत नाही.

तिसरा वाद संकल्पनेचा आहे. जेनिफर स्कीम आणि डेव्हिड कुक यांनी २०१० साली असा आक्षेप घेतला की गुन्हेगारी वर्तन हा सायकोपॅथीचा गाभा नाही, तो तिचा परिणाम असू शकतो. मग त्याचेच गुण बेरजेत का? गुन्ह्यांचे गुण धरून काढलेल्या आकड्याने पुढच्या गुन्ह्याचा अंदाज बांधायचा, हे जुन्या गुन्ह्यांवरून नव्या गुन्ह्यांचा अंदाज बांधण्यासारखंच होतं. हेअर आणि क्रेग न्यूमन यांनी याला उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही. आम्हाला आक्षेपात तथ्य वाटतं, कारण पुन्हा गुन्हा करण्याचा अंदाज बांधण्यात जीवनशैली आणि वर्तनाच्या बाबीच जास्त उपयोगी पडतात, भावनिक बाबी कमी.

चौथी गोष्ट भारतासाठी महत्त्वाची. हे साधन उत्तर अमेरिकेतल्या पुरुष कैद्यांवर घडलं. ‘अनेक अल्पकाळ टिकलेले संसार’ ही बाब जिथे लग्न घरचे ठरवतात आणि घटस्फोट अवघड असतो तिथे काय सांगणार? ‘दुसऱ्याच्या जिवावर जगणं’ ही बाब एकत्र कुटुंबात कशी मोजणार? इथल्या लोकसंख्येवर नीट पारखल्याशिवाय तिथला उंबरठा उचलून इथे लावणं चूक आहे.

इंटरनेटवर चाचणी दिली, गुण खूप आले. काळजी करू?

त्या आकड्यावरून नको. संशोधनात स्वतः भरायच्या प्रश्नावल्या वापरतात, उदाहरणार्थ लेव्हनसन यांची २६ विधानांची किंवा क्रिस्टोफर पॅट्रिक यांच्या त्रिसूत्री मॉडेलवरची ५८ विधानांची, ज्यात धीटपणा, निर्दयपणा आणि अनियंत्रितपणा वेगवेगळे मोजतात. पण त्या गटांची तुलना करण्यासाठी आहेत, एका माणसाचं निदान करण्यासाठी नाहीत. रागाच्या भरात, नैराश्यात किंवा नात्यात ठेच लागल्यावर माणूस स्वतःबद्दल कठोर उत्तरं देतो. आपण कुणाला दुखावतो का, ही चिंता खरोखर छळत असेल तर समुपदेशकाशी बोला. त्यासाठी कुठल्याही गुणांची गरज नाही.

लोकसंख्येत प्रमाण किती?

कशाने मोजलं त्यावर उत्तर अवलंबून आहे. आना सान्झ-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रौढांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सगळी साधनं धरून ४.५ टक्के आणि फक्त पीसीएल-आर धरून १.२ टक्के असं उत्तर आलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या कैद्यांत जेरेमी कॉइड यांच्या गटाला (२००९) ३० चा उंबरठा ओलांडणारे पुरुष ७.७ टक्के आणि स्त्रिया १.९ टक्के आढळल्या. उत्तर अमेरिकेतले तुरुंग यापेक्षा मोठे आकडे दाखवतात.

त्यांना भीती वाटत नाही, दुसऱ्याचं दुःख कळत नाही, हे खरं का?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं जास्त विचार करायला लावणारं.

मिनेसोटात डेव्हिड लिकेन यांनी १९५७ साली एक यंत्र बनवलं. २० टप्पे, प्रत्येक टप्प्यावर चार खटके. एक बरोबर, तीन चूक, आणि चुकांपैकी एका खटक्याला विजेचा झटका. खरं काम बरोबर खटक्यांचा क्रम शिकण्याचं. तो क्रम सायकोपॅथिक लक्षणांचे लोक इतरांइतकाच शिकले. पण झटक्याचा खटका टाळायला इतर लोक आपसूक शिकले, हे लोक मात्र शिकले नाहीत. १९९३ साली पॅट्रिक यांनी ५४ लैंगिक गुन्हेगारांना चित्रं दाखवत मध्येच मोठा आवाज केला आणि पापणी किती जोरात मिटते ते मोजलं. भीषण चित्र समोर असताना आपण जास्त दचकतो. भावनिक अलिप्तता तीव्र असलेल्यांत ती वाढ दिसली नाही.

यावरून ‘त्यांच्यात भीतीच नाही’ असा निष्कर्ष निघाला असता, पण विस्कॉन्सिनमध्ये जोसेफ न्यूमन यांनी वेगळी शक्यता दाखवली. १९८७ चा त्यांचा पत्त्यांचा खेळ असा: १०० पत्ते, एकेक उलटायचा, कधीही थांबता येतं. पहिल्या दहात नऊ वेळा जिंकणार, पुढच्या दहात आठ, मग सात, अशी संधी घसरत शून्यावर. शहाणपण मध्यावर थांबण्यात. सायकोपॅथिक कैदी हरत असतानाही उलटत राहिले. मात्र प्रत्येक पत्त्यानंतर आतापर्यंतचा हिशेब दाखवून पाच सेकंद सक्तीने थांबवलं, तेव्हा ते वेळेत थांबायला लागले. शिक्षेची जाणीव त्यांच्यात होती. हाती घेतलेल्या गोष्टीवर लक्ष एवढं खिळलेलं होतं की बाजूची सूचना आत पोचतच नव्हती.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये २०१३ साली हार्मा मेफर्ट, क्रिस्टियान कायझर्स आणि सहकाऱ्यांनी १८ सायकोपॅथिक गुन्हेगार आणि २६ सर्वसाधारण पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून दोन हातांचे छोटे व्हिडिओ दाखवले. एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, दूर ढकलतो, दुखावतो. नुसतं बघताना गुन्हेगारांच्या मेंदूत, आपल्यालाच दुखतंय अशी जी प्रतिक्रिया इतरांत उमटते, ती बरीच क्षीण होती. मग तेच व्हिडिओ पुन्हा दाखवले आणि सांगितलं: आता त्या माणसाला काय वाटतंय ते तुम्हीही अनुभवायचा प्रयत्न करा. दोन गटांतला फरक बराच कमी झाला.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची सूचना आम्हाला याच प्रयोगात दिसते. क्षमता नाहीशी झालेली नाही. ती आपोआप चालत नाही. दुसऱ्याला काय वाटतंय हे जाणून त्याचा वापर करून घेणारा माणूस तेच दुःख स्वतःत उमटू कसं देत नाही, याचंही उत्तर यात काही अंशी आहे.

मेंदूचा स्कॅन काढून ओळखता येईल?

नाही. यालिंग यांग आणि एड्रियन रेन यांना २००९ साली सायकोपॅथिक लक्षणांच्या गटात अमिग्डाला (भीतीसारख्या भावनांशी जोडलेला मेंदूचा छोटा भाग) सुमारे १८ टक्के लहान आढळला, आणि हा आकडा सगळीकडे छापला गेला. त्यानंतरच्या अभ्यासांनी सारखंच चित्र दिलेलं नाही. दुसरं, हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. दोन गटांची सरासरी वेगळी असली तरी माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एका स्कॅनवरून कुणालाही बोट दाखवता येत नाही. दारू आणि ड्रग्जचा मेंदूवरचा परिणाम वेगळा काढणंही कठीण, कारण अशा गटांत व्यसनं फार असतात.

भारतात ‘ब्रेन मॅपिंग’ नावाने चालणाऱ्या तपासण्यांचा सायकोपॅथी मोजण्याशी संबंध नाही. संमतीशिवाय त्या करणं घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात दिला आहे.

हे जन्मजात असतं की संगोपनामुळे?

एसी व्हिडिंग यांनी ब्रिटनमधल्या ३,६८७ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००५ साली मांडला. सात वर्षांच्या मुलांबद्दल शिक्षकांनी दिलेल्या माहितीत, अति-भावशून्यता असलेल्या मुलांच्या गटातला इतरांपासूनचा फरक ६७ टक्के आनुवंशिकतेशी जोडला गेला. हा आकडा गटातल्या फरकाबद्दल आहे. ‘माझ्या मुलातली ६७ टक्के लक्षणं माझ्याकडून आली’ असा त्याचा अर्थ होत नाही. असं कुठलंही एक जनुक सापडलेलं नाही.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ नाही. ल्यूक हाइड आणि रिबेका वॉलर यांनी २०१६ साली ५६१ दत्तक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्या आईत तीव्र समाजविरोधी वर्तन असेल तर ज्या मुलाला तिने वाढवलंही नाही त्याच्यातही दोन-सव्वादोन वर्षांच्या वयात भावशून्यतेची चिन्हं जास्त दिसली. पण दत्तक आई मुलाच्या चांगल्या वागण्याला भरभरून दाद देत असेल, तिथे हा संबंध दिसेनासा झाला.

माझं मूल प्राण्यांना दुखावतं, खोटं बोलतं, रागावलं तरी त्याला काहीच वाटत नाही. काय करू?

आधी हे: मुलाला सायकोपॅथ म्हणू नका, मनातल्या मनातही नाही. कुठलाही जबाबदार तज्ज्ञ लहान मुलाला ते नाव देत नाही. डीएसएम-५ मध्ये वर्तनविकाराच्या निदानाला ‘मर्यादित समाजोपयोगी भावना’ अशी जोड आहे: पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याबद्दल निष्ठुरपणा, अभ्यास किंवा कामगिरीची फिकीर नसणं, भावना उथळ असणं. यातली किमान दोन, किमान १२ महिने, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी व नात्यांत दिसायला हवीत. फक्त घरात दिसतात आणि शाळेत नाहीत, तर घरात काय चाललंय ते आधी बघावं लागेल.

बालमनोविकारतज्ज्ञाकडे जाताना तारीखवार टिपण घेऊन जा: काय झालं, त्याआधी काय झालं होतं, नंतर कुणी काय केलं. शाळेचा लेखी अभिप्राय घ्या. मारहाण, लैंगिक शोषण, घरातली हिंसा, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), नैराश्य यांचा विचार आधी व्हायला हवा. सतत भेदरलेलं मूलही बाहेरून बधिर दिसतं.

घरी काय उपयोगी पडतं याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांचं २००५ चं काम मार्गदर्शक आहे. अशा मुलांवर बक्षिसाच्या पद्धतीचा परिणाम होतो. ‘टाइम-आउट’सारख्या (थोडा वेळ एकटं बाजूला बसवण्याच्या) शिक्षेचा इतर मुलांपेक्षा कमी होतो. कारण शिक्षेची भीतीच त्यांना कमी वाटते. म्हणून पालक आवाज चढवत जातात, मग हात उचलतात, मूल आणखी कोरडं होतं आणि घर त्याच भोवऱ्यात फिरत राहतं. त्याऐवजी: नियम दोन किंवा तीनच ठेवा. चांगलं वागलं की लगेच, त्याच मिनिटाला, नेमकं सांगून दाद द्या. ‘शहाणा आहेस’ असं मोघम नको, ‘बहिणीने घेतलेला पेन तू न ओढता मागितलास’ असं. बक्षीस छोटं आणि रोजचं असू द्या. महिन्याच्या शेवटी सायकल देण्याचं वचन काम करत नाही. नियम मोडला तर आवाज न चढवता, थोडक्या शब्दांत, आधी सांगितलेलाच परिणाम.

डॅड्स यांच्याच गटाने २००६ साली दाखवलं की ही मुलं समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात चुकतात, पण ‘डोळ्यांकडे बघ’ असं सांगितलं की बरोबर ओळखतात. जेवताना, गोष्ट सांगताना मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसून, प्रेमाने नजर जुळवत बोलणं रोज करता येतं. पहिल्या आठवड्यांत बदल दिसला नाही म्हणून पद्धत सोडणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक.

ऑटिझम असलेल्या मुलांनाही समानुभूती नसते ना? मग फरक काय?

फरक मोठा आहे. ऑटिझममध्ये समोरचा काय विचार करतोय हे ओळखणं अवघड जातं, पण त्याला दुखतंय हे कळलं की वाईट वाटतं. सायकोपॅथिक लक्षणांत उलट: ओळखता येतं, वाटत नाही. अ‍ॅलिस जोन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात दोन गटांतल्या मुलग्यांत नेमका हाच फरक दिसला.

उपचाराने उलट ते बिघडतात, असं ऐकलंय.

ही समजूत कुठून आली ते सांगायला हवं, कारण तिने उपचारांची दारं कित्येक वर्षं बंद ठेवली.

कॅनडातल्या ओंटारियोमध्ये पेनेटँग्विशीनच्या ओक रिज या बंदिस्त रुग्णालयात साठ आणि सत्तरच्या दशकांत एक कार्यक्रम चालला. रुग्णांना निर्वस्त्र करून एका खोलीत दिवसचे दिवस एकत्र कोंडत, एलएसडीसारखी औषधं देत, आणि रुग्णच एकमेकांवर उपचार करत. मार्नी राइस, ग्रँट हॅरिस आणि कॅथरिन कॉर्मिएर यांनी १९९२ साली त्याचे परिणाम मांडले. सुमारे साडेदहा वर्षांच्या पाठपुराव्यात, कार्यक्रमातून गेलेल्या सायकोपॅथिक पुरुषांपैकी ७७ टक्क्यांनी पुन्हा हिंसक गुन्हा केला. कार्यक्रमाऐवजी तुरुंगात राहिलेल्या तशाच पुरुषांत ५५ टक्क्यांनी. इतर रुग्णांत उलट घडलं: २२ विरुद्ध ३९ टक्के. यातून ‘उपचाराने ते बिघडतात’ हे वाक्य जगभर गेलं, आणि तो ‘उपचार’ काय होता हे मागे राहिलं. २०१७ साली ओंटारियोच्या न्यायालयाने त्या पद्धतींना छळ ठरवलं.

याच्या दुसऱ्या टोकाला विस्कॉन्सिनमधलं मेंडोटा केंद्र आहे. १९९५ पासून तिथे तुरुंगाला न आवरणारी किशोरवयीन मुलं आणतात. मायकेल कॉल्डवेल आणि ग्रेगरी व्हॅन रायब्रोक यांनी मांडलेला विचार असा: मुलगा दंगा करतो, शिक्षा वाढते, मुलगा आणखी भडकतो, आणि या चक्रात त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. चक्र तोडायचं तर दंग्यानंतर मुलाला तोडण्याऐवजी त्याच्याशी संपर्क वाढवायचा. वागण्याची रोज नोंद होते आणि आजच्या गुणांवर उद्याच्या सवलती ठरतात. बिघडलेला दिवस एकाच दिवसाचं नुकसान करतो. परवा पुन्हा संधी. सायकोपॅथीचे गुण फार जास्त असलेल्या १४१ मुलांच्या अभ्यासात (२००६), हे उपचार न मिळालेल्या मुलांनी बाहेर आल्यावर दोन वर्षांत हिंसक गुन्हा करण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा. संशोधकांनी ती आकडेमोडीने भरून काढायचा प्रयत्न केला आहे.

सायकोपॅथीवर गोळी नाही. प्रौढांत आतून सहवेदना जागवण्यापेक्षा हिंसा आणि व्यसन कमी करणं हे उद्दिष्ट ठेवणारे, दीर्घ आणि शिस्तबद्ध कार्यक्रम जास्त वास्तववादी ठरतात.

कंपन्यांचे मोठे साहेब सायकोपॅथ असतात म्हणे?

पॉल बाबियाक, क्रेग न्यूमन आणि हेअर यांनी २०१० साली २०३ अधिकाऱ्यांचं मूल्यमापन केलं; ३.९ टक्क्यांनी ३० चा उंबरठा गाठला. प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आहे, पण हे अधिकारी यदृच्छया निवडलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा सगळ्या कंपन्यांना लावता येत नाही. कॅरन लँडे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध अभ्यास एकत्र केले: अशा लक्षणांचे लोक नेतेपदी पोचण्याची शक्यता किंचित जास्त, नेते म्हणून कामगिरी किंचित कमी. दोन्ही संबंध कमजोर. साहेब वाईट वागतो याला सायकोपॅथी हे कारण सहसा लागत नाही.

वयानुसार कमी होतं का?

उतावीळपणा आणि गुन्हे कमी होतात. हार्पर आणि हेअर यांनी १९९४ साली १६ ते ७० वयाच्या ८८९ कैद्यांचे गुण पाहिले: वर्तनाची बाजू वयाबरोबर उतरत होती, भावनिक आणि नातेसंबंधांची बाजू जवळपास तशीच होती.

‘मी सायकोपॅथ आहे’ म्हणून शिक्षेतून सुटता येतं का?

भारतात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ८४) त्याच आरोपीला संरक्षण देतं, ज्याला मानसिक स्थितीमुळे आपल्या कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच नव्हती. सायकोपॅथीत ती क्षमता असते.

फाशीच्या खटल्यांत प्रश्न वेगळा होतो. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन न्यायालयासमोर आणायला सांगितलं, ते शिक्षा सौम्य करता येईल अशी परिस्थिती कळावी म्हणून. तिथे उद्या पीसीएल-आरचे गुण ‘हा सुधारणार नाही’ हे सिद्ध करायला वापरले गेले तर तो उलटा वापर होईल. अमेरिकेत डेव्हिड डिमॅटिओ यांच्यासह तज्ज्ञांच्या गटाने २०२० साली जाहीर भूमिका घेतली की फाशीचा निर्णय करताना, तुरुंगातल्या गंभीर हिंसेचं भाकीत म्हणून हे साधन वापरू नये, कारण तेवढी अचूकता त्यात नाही. आपल्याकडच्या वकिलांनी ही भूमिका माहीत करून घ्यावी.

नवरा, सासू, भाऊ असा आहे असा संशय आहे. घरी कसं वागावं?

निदान करायच्या मागे लागू नका. त्याची तुम्हाला गरज नाही. वागणं काय आहे ते बघा. धमकी, मारहाण, पैसे काढून घेणं, कोंडणं, माणसं तोडणं यांवर मदत मागायला समोरच्याचं निदान लागत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आर्थिक आणि भावनिक छळही धरतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, मनावरच्या ताणासाठी टेलि-मानस १४४१६. टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं.

पैशांचे व्यवहार लेखी ठेवा, कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर सही करू नका, ओळखपत्रांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. मेसेज पुसू नका. ‘तू सायकोपॅथ आहेस’ असं तोंडावर म्हणण्याने काही साधत नाही आणि धोका वाढू शकतो. निघायचं ठरवलंत तर ते आधी जाहीर करू नका; सोडून जाण्याच्या सुमारास हिंसा वाढते, तेव्हा आधी जागा, सोबत आणि वाहन ठरवा, मग बोला.